राहुरीचें धाबें

नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यानें रोज हजारों माणसें जातात. त्यांतलीं बहुतेक शिर्डीस जाणारीं, कांहीं शिंगणापुरास वळणारीं. वाटेंत राहुरी लागते. कोणी चहा घेतो, कोणी उसाचा रस पितो, आणि गाडी पुढें निघते. राहुरीसाठीं म्हणून राहुरीस उतरणारा प्रवासी विरळा. आम्ही मात्र गेल्या वैशाखांत मुद्दाम तेथेंच उतरलों, आणि तेंहि एखादें देवालय किंवा किल्ला पाहण्यास नव्हे, तर एक गळकें धुराडें पाहण्यास! वाचकांस हें प्रवासाचें कारण थोडें हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या घरांत चार पिढ्या नांदल्या, त्या घराचें छप्पर राहणार कीं जाणार हा प्रश्न त्या धुराड्याशीं येऊन ठेपला होता. आणि तो प्रश्न उभा करण्यांत प्रस्तुत लेखकाचा हातभार किती होता, हें पुढें कळेलच.

राहुरी हें माझ्या आत्याबाईंचें सासर. मी इमारतखात्यांत नोकरी करून निवृत्त झालेला. तेव्हां आप्तांपैकीं कोणाची भिंत खचली किंवा गच्ची ठिबकूं लागली, कीं बोलावणें मला येतें. आत्याबाईंच्या थोरल्या चिरंजिवांचा पुण्याहून निरोप आला: “स्वयंपाकघर पाडावें कीं ठेवावें, तें तूं एकदां पाहून सांग. मृगाला तीन आठवडे आहेत.” दुसऱ्याच दिवशीं मी निघालों.

जिल्ह्याचें नांव २०२४ मध्यें अहिल्यानगर झालें. पण कंडक्टरच्या आणि आमच्या तोंडीं अजून नगरच बसलेलें आहे. विळदचा घाट मागें पडला कीं मुलूख उघडा होतो. डाव्या-उजव्या हातांस ऊस, मका आणि घास; मध्येंच एखादा उजाड माळ. पुढें महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें विस्तीर्ण आवार लागतें. १९६८ सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठानें राहुरीचें नांव शेतकऱ्यांच्या घरोघर नेलें. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांतून येणाऱ्या मुळा नदीला बारागांव नांदूर येथें धरण घातलेलें आहे. त्याला ज्ञानेश्वरसागर म्हणतात, आणि त्यांत २६ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्या पाण्यानेंच हा हिरवा पट्टा झाला आहे. आकाशांतून येथें पडणारें पाणी थोडें. वर्षाची सरासरी २०-२१ इंच. सह्याद्रीनें सारे ढग पलीकडे अडवून ठेवलेले. हें पावसाचें मान वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण येथील घरांची सारी रचना त्यावर उभी आहे.

या तालुक्याला आणखी एक मोठेपण आहे. संतचरित्रकार महिपतिबुवा (१७१५–१७९०) हे राहुरी तालुक्यांतल्या ताहराबादचे. घराण्याकडे कुळकर्ण. पूजेच्या वेळीं कचेरीचें बोलावणें आलें, तेव्हां त्यांनीं कचेरीची लेखणी कायमची खालीं ठेविली आणि पुढें ती केवळ संतांच्या कथेसाठींच उचलली, अशी आख्यायिका सांगतात. ‘भक्तविजय’ हा त्यांचा ग्रंथ १७६२ सालचा. आमच्या आत्याबाईंच्या सासऱ्यांच्या काळीं तो वाड्याच्या माजघरांत चातुर्मासभर वाचला जाई. त्याच माजघरांत गेलीं दोन वर्षें देव्हाऱ्यावर पाणी ठिबकत होतें.

मुळेचा पूल ओलांडून गांवांत शिरलों. आतां पेठेंत सिमेंटच्या इमारती दाटल्या आहेत. परंतु जुन्या गांवांत अद्यापि धाब्याचीं घरें उरलीं आहेत. कोंकणांतल्या किंवा पुण्याच्या वाचकांस धाब्याची कल्पना नसेल, म्हणून थोडें सांगतों. दगडविटांच्या जाड भिंती. त्यांवर सागवानी तुळया. तुळयांवर आडव्या कड्या. कड्यांवर किलच्यांची दाट ओळ. किलच्यांवर पाला, पाल्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा दीड-दोन वितींचा थर. उतार डोळ्यांना जेमतेम कळेल इतकाच. तो पन्हळींकडे काढलेला. असें धाबें उन्हाळ्यांत घर थंड ठेवतें आणि हिंवाळ्यांत ऊब धरतें. त्यावर धान्य वाळतें, पापड वाळतात, आणि वैशाखांत सारें घर वर निजतें. दोनशें इंच पावसाच्या महाबळेश्वरांत असलें छप्पर एक महिनाहि टिकणार नाहीं. वीस इंचांच्या राहुरींत तें शंभर वर्षें टिकतें. मात्र त्याची दरवर्षीं सेवा झाली पाहिजे.

या सपाट छपराला प्रकाशासाठीं आणि धुरासाठीं भोंकें ठेवावींच लागतात. उजेडाच्या भोंकाला साणें म्हणतात. तें पावसांत झांकतां येतें. चुलीवरचें धुराडें मात्र विटांचें, दोन हात उंच बांधलेलें असतें. छपरांतून कांहींहि वर काढलें कीं तेथें एक सांधा आला. आणि घर गळतें तें बहुधा पसरलेल्या जागीं नव्हे, तर सांध्यांत. धुराड्याच्या विटा चुलीच्या आंचेनें तापतात व निवतात. भोंवतालची माती उन्हानें आकसते व पावसानें फुगते. दोघांची हालचाल निराळी, म्हणून त्यांच्यामध्यें दर उन्हाळ्यांत केसाएवढी फट पडते. पाण्याला तेवढी वाट पुरे होते.

मी पोहोंचलों तेव्हां तिघेहि आतेभाऊ ओसरीवर बसले होते. थोरल्यांचें म्हणणें, स्वयंपाकघर पाडून तेथें स्लॅब टाकावा. मधले नाशिकला असतात, ते म्हणाले, “आतां सगळीकडे गॅस आहे. धुराडें बुजवून टाका, म्हणजे गळण्याचा प्रश्नच मिटला.” धाकटे राहुरींतच राहतात, आणि दरवर्षीं मातीचा खर्च करतात, ते कांहींच बोलले नाहींत. आत्याबाईंचें वय ८४. त्या तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर न करतां एवढेंच म्हटलें, “ज्याला दरवर्षीं वर चढायचें आहे, त्याला विचारा. बाकीच्यांनीं उगीच भांडूं नये.”

मी शिडीनें वर गेलों, आणि पाहतांक्षणींच माझा चेहरा उतरला. धुराड्याच्या बुडाशीं सिमेंटचा रुंद गिलावा चहूंकडून घातलेला होता. तो मींच सांगितलेला! सात वर्षांपूर्वीं एका लग्नास आलों असतां धाकट्यांनीं सहज विचारलें होतें, आणि मीं तितक्याच सहजपणें सांगितलें होतें, “माती-बिती सोडा, सिमेंटचा चांगला जाड वाटा मारा, म्हणजे पन्नास वर्षें पाहायला नको.” वाटा म्हणजे भिंत आणि गच्ची यांच्या कोपऱ्यांत गवंडी जो गोलसर गिलावा घेतात तो. काँक्रीटच्या गच्चीवर तो अगदीं योग्य. मातीच्या धाब्यावर तो योग्य आहे कीं नाहीं, याचा विचार मीं क्षणभरहि केला नव्हता.

गांवांतले एक वृद्ध गवंडी धाकट्यांनीं बोलावले होते. त्यांनीं गिलाव्यावर हातोडीनें टकटक केली. आवाज पोकळ आला. ते म्हणाले, “साहेब, माती हालती, इटा हालत्यात. शिमिट कुनासंगं बी हालत नाय. मंग ते दोघांना बी सोडून बसतंय.” तीस वर्षांच्या नोकरींत मीं जें पुस्तकांत वाचलें होतें, तेंच त्यांनीं तीन वाक्यांत सांगितलें.

तरीहि पाणी येथूनच शिरतें, हें सिद्ध करणें जरूर होतें. कारण ठिबकत होतें तें माजघरांत, देव्हाऱ्यावर, धुराड्यापासून आठ हात दूर. आणि घरच्यांनीं दोन वर्षें देव्हाऱ्यावरच्याच जागेवर माती टाकली होती. गळती शोधण्याची एक साधी रीत आहे, ती प्रत्येक गृहिणीस ठाऊक असावी. कळशीनें पाणी ओतीत जावें, पण उताराच्या सर्वांत खालच्या भागापासून आरंभ करून वर वर जावें, आणि प्रत्येक जागीं थोडा वेळ थांबावें. वरून आरंभ केला, तर पाणी सगळीकडूनच वाहतें आणि कोणती जागा दोषी तें कळत नाहीं. आम्हीं प्रथम पन्हळीपाशीं ओतलें, खालीं कोरडें. मग देव्हाऱ्यावरच्या मातीवर, कोरडें. मग धुराड्याच्या वरल्या अंगास, जेथें उतरतें पाणी येऊन अडतें, तेथें तीन कळशा ओतल्या. पाव तासानें खालून धाकट्यांची हांक आली, “पडला थेंब!” पाणी गिलाव्यामागच्या फटींत उतरून कडीच्या वरच्या अंगानें आठ हात चालत गेलें होतें, आणि कडीला जेथें गांठ होती तेथें खालीं पडलें होतें.

दुसरे दिवशीं गिलावा फोडला. खालची माती दगडी रांजणाच्या बुडासारखी थंड व ओली निघाली. वैशाखांतल्या उन्हांतहि तिला वाळण्यास वाट नव्हती, कारण वरून सिमेंटचें झांकण बसलेलें. पूर्वीं फटींतून थोडें पाणी शिरे, तें उघड्या मातींतून उडून जाई. शिवाय खालीं दोन वेळां चूल पेटे, तिची ऊब आणि धूर लांकडाला कोरडें ठेवीत. गॅस आल्यावर चूल सणावारींच पेटूं लागली, आणि त्याच सुमारास वरून माझें सिमेंट बसलें. दोहींकडून कोंडी झाली. कडीच्या टोंकांत पटाशी घातली तों ती लोण्यांत जावी तशी दोन इंच गेली. तुळई मात्र सुदैवानें शाबूत होती. आणखी दोन पावसाळे गेले असते, तर तीहि गेली असती, आणि मग थोरल्यांचें म्हणणेंच खरें करावें लागलें असतें.

संध्याकाळीं ओसरीवर मीं तिघां भावांस सांगितलें, “यांत धाकट्यांचा दोष नाहीं. वर्षानुवर्षें त्यांनीं माती टाकली ती बरोबरच होती. चूक माझ्या सल्ल्याची.” क्षणभर कोणी बोललें नाहीं. आत्याबाई म्हणाल्या, “अरे, चूक कोणाची हें कळलें म्हणजे अर्धें घर शाकारलें. आतां उरलेलें अर्धें तूं शाकार.”

पांढरी माती आणावयाची, म्हणून गवंडीबाबांसह गांवाबाहेर गेलों. आपल्याकडे गांवच्या जमिनीचे दोन भाग मानतात: काळी म्हणजे शेताची, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या, ओसाड झालेल्या गांवठाणाची माती राख, शेण आणि पडक्या भिंती मिसळून फिकट व खारट झालेली असते. काळी माती धाब्यावर चालत नाहीं; ती उन्हांत बोटभर भेगा टाकते. खारी पांढरी माती भिजली कीं तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रें बुजवतात, आणि पहिल्या दोन सरींनंतर पाणी वरून सरकूं लागतें. तिच्यांत गवतहि फारसें रुजत नाहीं, हा दुसरा फायदा.

परंतु येथें एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. हींच पांढरीचीं टेकाडें आपल्या इतिहासाचीं भांडारें आहेत. शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद आहे. तेथील प्राचीन वस्तीचा शोध १९५८ सालीं बोपर्डीकर यांनीं लाविला. १९७४ सालीं तेथेंच रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशीं चार ब्राँझचीं शिल्पें सांपडलीं. नेवाशाचें उत्खनन डॉ. सांकलियांनीं केलें, तेंहि याच खोऱ्यांत. तेव्हां टेकाड दिसलें कीं फावडें चालवावें, हें बरें नव्हे. आम्हीं एका पडलेल्या शेजारच्याच घराची माती घेतली. जुन्या धाब्याची उतरलेली माती चाळून पुनः वापरतां येते, आणि ती अधिक मुरलेली असते.

आतां दुरुस्ती कशी केली तें क्रमानें सांगतों. कुजलेल्या कडीचें टोंक कापून तेथें जुन्याच सागाचा जोड दिला. किलच्या नव्या बसविल्या. नंतर धुराड्याभोंवतीं पत्र्याची दुहेरी कड केली. विलायतेंत उतरत्या छपरांतून धुराडीं बाहेर काढतात, तेथें हें काम शिशाच्या पत्र्यानें करतात. त्यांतलें मर्म असें, कीं एकच पत्रा छपराला आणि धुराड्याला मिळून कधीं ठोकीत नाहींत. एक पत्रा छपराचा. तो धुराड्याच्या अंगावर वर वळवलेला असतो, पण त्याला जोडलेला नसतो. दुसरा पत्रा धुराड्याचा. त्याची वरची कड विटांच्या दरजेंत बसवलेली असते, आणि तो पहिल्यावर पदरासारखा खालीं येतो. छप्पर हाललें तरी पहिला पत्रा त्याच्याबरोबर हालतो, धुराडें हाललें तरी दुसरा हालतो. मध्यें पदर असल्यामुळें पाणी आंत जात नाहीं.

आम्हीं शिशाऐवजीं जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा घेतला. खालचा पत्रा मातीच्या थराखालीं हातभर पसरला आणि धुराड्याच्या अंगावर वीतभर वर वळवला. विटांच्या दरजेंत इंचभर खोल खांच पाडून तींत वरच्या पत्र्याची कड अडकवली, खांच चुन्यानें भरली, आणि त्याचा पदर खालच्यावर चार बोटें आणला. ओला चुना आणि खारी माती दोन्ही जस्तास बाधतात, म्हणून पत्र्यांना आधीं डांबराचे दोन हात दिले. धुराड्याच्या वरल्या अंगास, जेथें पाणी अडून तुंबे, तेथें मातीचा लहानसा उंचवटा करून दोन्ही बाजूंस उतार काढला, म्हणजे आलेलें पाणी दुभंगून निघून जातें. मग पाला, चिखल, आणि वर पांढरी माती धुम्मसानें ठोकून बसवली. सिमेंटचा कणहि ठेविला नाहीं.

धुराडें बुजवण्याचा मधल्यांचा आग्रह आपोआप मागें पडला. चूल आठवड्यांतून दोनदां तरी, निदान आंघोळीच्या पाण्यासाठीं, पेटवावी. लांकूड कोरडें राहील, असें ठरलें. थोरले मात्र म्हणाले, “हें सर्व ठीक; पण पुढें कोण पाहणार?” हा प्रश्न खरा होता. पत्रा केव्हांतरी गंजणारच, माती दरवर्षीं वाहणारच. असें धाबें एकदां बांधून मोकळें होण्याचें नसतें. तेव्हां आत्याबाईंनीं आपल्या सासूबाईंचा क्रम सांगितला. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास माती आणावी. रोहिणी निघण्यापूर्वीं पसरून ठोकावी. मृगाच्या पहिल्या सरीनंतर वर जाऊन भेगा बुजवाव्या. पावसाळ्यांत पन्हळींतला पाचोळा काढावा. दसऱ्याला पुनः एकदां सांधे पाहावे. पिंपळाचें रोप बोटभर दिसलें तरी उपटावें, घुशींचें बीळ दिसलें तर बुजवावें. मीं त्यांत एका गोष्टीची भर घातली: पत्र्याचा पदर उचलून आंत गंज आहे का, तें दर दसऱ्याला पाहावें. थोरल्यांनीं स्वतःच म्हटलें, “रोहिणीच्या आधींचे चार दिवस आम्ही तिघेहि येथें येऊं. मजुरी तिघांत.” धाकट्यांनीं प्रथमच मान वर केली.

ज्येष्ठांत पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्रीं दहा वाजतां फोन वाजला. “गळलें,” धाकटे म्हणाले. माझ्या पोटांत गोळा आला. “कोठें?” “चुलींतच. वाऱ्यानें तिरपा पाऊस धुराड्याच्या तोंडांतून आला. देव्हारा कोरडा आहे.” धुराड्याची टोपी लहान पडली होती. दुसऱ्या आठवड्यांत ती चहूंबाजूंनीं वीतभर वाढविली.

श्रावणांत मी पुनः राहुरीस गेलों. धाब्यावर उभें राहिलें कीं दूर उसाचे मळे दिसतात. धुराड्यांतून धूर निघत होता. खालीं माजघरांत देव्हाऱ्याजवळचें, दोन वर्षें ठेवलेलें पितळी तपेलें कोठें दिसेना. विचारलें, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, “पुरणाची डाळ शिजते आहे त्यांत. हात धुवून ये, पान वाढतें.”